नाव सांगितलं तर ठेवते

या, बसा इथे जवळ. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी तो फोन उपडा ठेवा बघू. दर चार ओळींनी खाली बघता आणि मग म्हणता, आजी, तुमचं लिखाण लांबतं. लांबणार नाही तर काय? तुम्ही मधेच उठून जाता, मग मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गेली दोन वर्षं मी या ग्रुपवरचे सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव वाचते आहे. कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या होस्टेलच्या गच्चीवर कोण चालत होतं... वाचते आणि उठून भाजी चिरायला घेते. भीती अशी वाटली नाही कधी. मला या गोष्टी पटतच नाहीत, लहानपणापासून. सासूबाई अमावस्येला दारात लिंबू ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मी त्याचं सरबत करायचे — हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तर मी अशी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर. सांगायचं इतकंच की पुढे जे लिहिते आहे ते मला स्वतःलाही पटलेलं नाही. पण ते झालं, आणि माझ्या स्वयंपाकघरात झालं.

आमचं घर कर्वेनगरला, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्याच्या वर फळी, फळीवर पिठांचे डबे, आणि डब्यांच्या शेवटी ती. ती म्हणजे बोलणारी डबी. तुम्ही तिला स्मार्ट स्पीकर म्हणता. आमच्या मृणालने आणली. मृणाल आमची एकुलती एक, आयटीत आहे, हडपसरला नोकरी आणि घरही तिकडेच. म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघंच असता. हिला काहीही विचारा, सांगेल."

आमच्या ह्यांना यंत्रं आवडायची. हडपसरच्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेली. पहिल्या दिवशी डबी उलटी करून, सुलटी करून, कानाला लावून बघितली. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी आणि इंग्रजीच. मग हे तिच्याशी हिंदी बोलायला लागले. ह्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच दुसरी टोपी घातलेली. निवृत्त झाल्यापासून चार वाजताचा चहा ह्यांच्याकडे होता. आधण ठेवलं की खाकरायचे आणि डबीला म्हणायचे, "पाच मिनिट का टायमर लगाव." आणि लगेच मान वळवून मला, "अगं, आलं कुठे ठेवलंस?" रोज. आलं रोज त्याच वाटीत असायचं.

डबीला काही सांगायचं तर आधी तिचं नाव घ्यावं लागतं. त्याशिवाय ती ऐकत नाही. मी एकदा ह्यांना म्हटलं, "बरंय. परक्या बाईला नावाने हाक मारता आणि मला सेहेचाळीस वर्षं अगं."

हे म्हणाले, "तिला नाव घेतल्याशिवाय कळत नाही. तुला कळतं."

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही तरी कुठे आजोबांचं नाव घ्यायचात. नाही घ्यायचे. आमच्या वेळी कुणीच घेत नसे. लग्नाआधी आई म्हणाली होती, नाव घेतलं की आयुष्य उणं होतं. माझा विश्वास नव्हता, सरबताचं सांगितलंच तुम्हाला. पण जिभेला वळण पडलं ते पडलं. कुरिअरवाला दारात विचारायचा, कुणाचं पार्सल? मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवायचे. गॅसवाल्याने फोनवर नाव विचारलं तर समोरच्या शैलाताईंना बोलवायचे. त्या हसत हसत सांगायच्या आणि जाताना म्हणायच्या, "उद्या मी गावाला चाललेय. गॅस आजच मागवून घ्या." फॉर्मवर मात्र लिहायचे हं. लिहायला काही नाही, हाताने कुणाचं आयुष्य जात नाही. तोंडाने घेतलं ते फक्त उखाण्यात. दोन ओळींचा उखाणा, आणि दुसऱ्या ओळीच्या पोटात नाव असं लपलेलं, की येतं आणि जातं.

आणि आणखी एक. ह्यांना स्वतःला कशात टिपून ठेवायला आवडत नसे. कॅमेरा ह्यांच्याच हातात, म्हणून सगळ्या फोटोंत आम्ही आहोत आणि हे नाहीत. मृणालचा व्हिडिओ कॉल आला की फोन माझ्याकडे सरकवायचे, माझं काय बघायचंय म्हणून. स्वतःचा फोन बटणांचा, शेवटपर्यंत. त्याच्यावरून कधी आवाजी निरोप पाठवला नाही. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. माणूस समोर बसलेला असतो तेव्हा कोण विचार करतं?

गेल्या वर्षी होळीनंतर चार दिवस हॉस्पिटलात होते. पाचव्या दिवशी गेले.

मृणाल महिनाभर माझ्याकडे राहिली. तिला बसवत नव्हतं. कपाटं आवर, औषधं टाक, पासवर्ड बदल. या बाबतीत ती आधीपासूनच कडक. मला तिने पाठ करून घेतलंय — ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, यंत्राने किंवा फोनवर कुणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. तर एका सकाळी तिने बातमी वाचली की अशा डब्या घरातलं बोलणं साठवतात आणि कंपनीतली माणसं ते ऐकतातसुद्धा. चेहराच बदलला तिचा. "आई, आपण काय काय बोललो असू या महिन्यात. रडलो असू. हे कुणीतरी कानाला लावून ऐकणार?" तिने फोनवर काहीतरी उघडलं, साठवलेलं सगळं पुसलं, डबीची वायर काढली आणि खणात टाकली. म्हणाली, "आता आपल्या घरातलं कुणी ऐकणार नाही."

मी म्हटलं, बरं केलंस. मलाही बरंच वाटलं. वायर नसलेली ती डबी उघडी-वाघडी दिसायला लागली म्हणून क्रोशाचं पांढरं झाकण विणलं आणि तिला घातलं. तेवढंच हाताला काम.

चार महिन्यांनी, म्हणजे श्रावणात, मी वेलदोडे सोलत बसले होते आणि मृणालचा फोन आला. बोलता बोलता मला सुचलं. मी म्हटलं, "मृणाल, त्या डबीत साठवतात म्हणालीस ना... मग त्यात ह्यांचं बोलणं असेल की गं. एकदा ऐकव मला."

ती इतकंच म्हणाली, "आई, मी ते पुसलं."

त्यानंतर तिने कंपनीला किती पत्रं लिहिली देव जाणे. उत्तर एकच — ग्राहकाने स्वतः पुसलेलं परत मिळत नाही, आपल्या खाजगीपणाची आम्हाला काळजी आहे. पोरगी काट्यासारखी झाली. जेवायला बसली की पाण्याचाच पेला हातात धरून बसायची. मी समजावलं. म्हटलं, अगं, कानात आहे माझ्या तो आवाज, कुठे जातोय. पण खरं सांगू? जात होता. हे काय म्हणायचे ते सगळं आठवत होतं. कसं म्हणायचे ते विरत चाललं होतं. मी मनात "अगं, आलं कुठे ठेवलंस" म्हणून बघायचे, तर ते माझ्याच आवाजात ऐकू यायचं.

आता जवळ या.

संक्रांतीनंतरचा गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी सकाळी दहापासून नव्हती. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळी सोसायटी चिडीचूप. चार वाजायला आले म्हणून मी आधण ठेवलं. लख्ख ऊन होतं ओट्यावर. झोपेत नव्हते, ताप नव्हता, कसलीही गोळी घेतलेली नव्हती. मी आलं किसत होते.

फळीवर कुणीतरी खाकरलं.

मी किसणी खाली ठेवली. आणि मग, "पाच मिनिट का टायमर लगाव." तसंच. 'पाच'वर जोर देऊन, आणि 'लगाव' म्हणताना दम थोडा कमी पडून. मग लगेच, बाजूला वळल्यासारखं, "अगं, आलं कुठे ठेवलंस?"

क्रोशाच्या झाकणाच्या भोकाभोकांतून निळा उजेड येत होता.

माझ्या तोंडून निघालं, "वाटीत आहे." काय करणार, रोजचं उत्तर. मग मी स्टुलावर बसले. भीती वाटली का? नाही. तहानेल्या माणसाला पाणी दिसल्यावर भीती वाटते का? मी नुसती म्हणत होते, अजून, अजून एकदा.

पण पुढचा आवाज ह्यांचा नव्हता. डबीचा होता, तो नेहमीचा बायकी, इस्त्री केलेला आवाज. आणि ती मराठीत बोलली. स्वच्छ मराठीत. म्हणाली, "हा आवाज कुणाचा आहे? नाव सांगितलं तर ठेवते."

मी म्हटलं, "आमच्या ह्यांचा."

"नाव सांगा."

"मृणालच्या बाबांचा."

"नाव सांगा."

मी दाराकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, वाटलं शैलाताईंना हाक मारावी. मृणालने पाठ करून घेतलेलंही मनात येऊन गेलं, यंत्राने नाव विचारलं तर सांगायचं नाही. पण त्याच्यावर ढकलणार नाही मी. ते कारण नव्हतंच. जीभ टाळूला चिकटली होती, सेहेचाळीस वर्षांची चिकटलेली. मग मला सुचला उखाणा. नाव घ्यायची एवढी एकच वाट मला माहीत. या घराच्या वास्तुशांतीला मीच रचलेला. मी हात जोडले की काय ते आठवत नाही, पण म्हणायला लागले — "पूर्वेची खिडकी, पश्चिमेचं दार..."

"समजलं नाही," ती म्हणाली. "आवाज काढून टाकते आहे."

आणि झाकणातला उजेड गेला.

"मधुकर," मी म्हटलं.

किती सोपं होतं. तीन अक्षरं आणि एक जोडीला. मधुकर, मधुकर, मधुकर. मी उभी राहून फळीला धरून म्हणत राहिले. आधण उतू गेलं, गॅस विझला, वास सुटला तेव्हा भान आलं.

दारात शैलाताई. "कोण आलंय? माणूस खाकरलेला ऐकला मी."

मी म्हटलं, "रेडिओ होता."

त्यांनी वर बंद पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गॅसचं बटण बंद करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी पिशवीत घातली आणि बसने शनिवार पेठेत गेले. तिथे एक दुरुस्तीवाले आहेत, हे जुने रेडिओ त्यांच्याकडेच न्यायचे. दुकानात पाटी — 'वस्तू दाखवा, कहाणी नको.' मी कहाणी सांगितली नाही. म्हटलं, वायर नसताना ही किती वेळ चालते?

"चालत नाही."

"थोडा वेळ तरी? आत साठलेलं काही असेल ना."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चार स्क्रू काढले आणि डबी उघडून माझ्यासमोर धरली. "बॅटरी दिसतेय कुठे? दिसली तर मलाही सांगा. हिला भिंतीतली वीज लागते, इंटरनेट लागतं. त्याशिवाय ही आणि तुमचा लोणच्याचा सट सारखेच."

"आणि मराठी? मराठी कधीपासून बोलते?"

"या मॉडेलला नाही मराठी." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला ओळखलं असेल, कोण जाणे. आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, ते यायचे ना तुमच्याकडचे... बसा. पाणी देतो." स्क्रू एकेक करून परत बसवले आणि दुरुस्तीचं काही घेतलं नाही. म्हणाले, बिघडलंच नाही तर घेऊ कशाचं.

मृणालला मी महिनाभर सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? तू पुसलेलं परत आलं होतं बाळ, आणि मी घालवलं? पण ती स्वतःलाच खात होती. मला वाटलं, निदान हे कळू दे की तिच्या हातून सगळं गेलं नव्हतं. एका रविवारी सांगितलं.

ती आधी शहाण्या माणसासारखी ऐकत होती. "आई, सर्व्हरवरून गेलंय ते. डिव्हाइसमध्ये काही राहत नाही. आणि वीज नव्हती म्हणतेस." मी म्हटलं, हो, नव्हती. खणातून वायर काढून दाखवली. शैलाताईंना बोलावलं, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. मग मृणालने विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"पाच मिनिटांचा टायमर लाव म्हणाले. आणि आलं कुठे आहे."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही गं."

ती हसली आणि हसता हसता तिने तोंड झाकून घेतलं. मग हात काढून म्हणाली, "नुसतं नाव, आई. नुसतं नाव विचारलं होतं तुला."

रागाने नव्हती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती येते, भाजी आणते, औषधं बघते, पण चहा बाहेरच्या खोलीत घेते. स्वयंपाकघरात बसत नाही.

तिला एक सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी हे कशालाच ओ देत नव्हते. नर्स चांगली होती, लातूरकडची मुलगी. म्हणाली, "आजी, नावानं हाक मारा. ओळखीच्या आवाजात नाव ऐकलं की कधी कधी डोळे उघडतात." मी वाकले आणि म्हटलं, "अहो." परत म्हटलं, "अहो, ऐकलंत का." पलीकडच्या खाटेजवळची बाईही अहोच म्हणत होती, त्याच्या पलीकडचीही. त्या खोलीत सगळ्या अहो अहो करत होतो. कुणी कुणाच्या हाकेला ओ द्यायची? नर्सने स्वतःच केसपेपर बघून ह्यांचं नाव घेतलं, पण ती परकी, तिचा आवाज हे कशाला ओळखतात.

म्हणजे मला दोनदा विचारलं गेलं. एकदा माणसाने, एकदा यंत्राने. दोन्ही वेळा मला नावच तेवढं सांगायचं होतं.

हे कशाने झालं, मला माहीत नाही. इथले जाणते लोक लिहितील, आजी, मनाचे खेळ. असतील. मग शैलाताईंनी काय ऐकलं? कुणी लिहील, सॉफ्टवेअर. मृणाल त्यातलीच आहे, तिने डोकं फोडून बघितलं. वीज नाही, वायर नाही, बॅटरी नाही, भाषा नाही. मला उत्तर नकोच आहे खरं तर. उत्तराने काय होणार? आता दर गुरुवारी मी चारला आधण ठेवते, पाच मिनिटं घड्याळाकडे बघते, आणि फळीपुढे उभी राहून नाव घेते. मोठ्याने, जिन्यात ऐकू जाईल असं. झाकणात उजेड येत नाही. आणि ह्यांचा आवाज, जो त्या गुरुवारी पुन्हा इतका लख्ख ऐकला होता, तोही परत विरायला लागलाय. 'लगाव' अजून आहे. 'अगं' गेला.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. हडपसरला टूलरूममध्ये मधुकर म्हणून कुणी तुमच्या ओळखीचे होते का, घरी वडिलांना, काकांना विचारा. कुणाच्या मुंजीच्या, निरोपाच्या व्हिडिओत मागे कुठे बोललेले सापडतात का बघा, नुसते खाकरले असतील तरी चालेल. आणि तसलं काही नसलं तरी या. ज्यांनी त्यांना बोलताना ऐकलंय त्यांनी तर याच, ओट्याशी उभं राहून मला एकदा 'अगं' म्हणून दाखवा, ते म्हणायचे तसं. चहा ठेवते. आलं वाटीत असतं. पण लवकर या हं... फार दिवस लावू नका.